झोपमावशीची गस्त

मुलांच्या दवाखान्यात झोपमावशीचं खरं नाव विचारलंत तर दारावरचा पहारेकरीसुद्धा डोकं खाजवत बसेल. मुलं तिला झोपमावशी म्हणतात, कर्मचारी मॅडम म्हणतात आणि आईबाप काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना ती आठवतच नाही. आठवणार कशी? ऑपरेशनच्या आधी तोंडावर हिरवा मास्क लावलेली एक बाई येते, पोराशी दोन शब्द बोलते, त्याला भूल देते आणि दाराआड गडप होते. पोरगं शुद्धीवर आलं की आईबापांचे डोळे शोधतात ते चाकू धरणाऱ्याला. आभार त्याचे, फुलं त्याला, फोटोही त्याच्याबरोबर.

झोपमावशीला याचं काही वाटत नव्हतं असं मी सांगणार नाही. वाटायचं. नाकावर राग असलेली बाई ती, तिला कसं नाही वाटणार? पण घरी जाऊन बोलावं तर नवरा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "अगं, तू लोकांना झोपवून पगार घेतेस. मीही वर्गात जन्मभर तेच केलं, पण मला कोणी डॉक्टर म्हटलं नाही." यावर ती चिडायची आणि मग तिलाच हसू यायचं. असा त्यांचा संसार.

तिचं एक वाक्य मात्र अख्ख्या दवाखान्याला पाठ होतं. स्ट्रेचरवरच्या पोराच्या कानाशी वाकून ती म्हणायची, "तुला काही कळणारसुद्धा नाही बघ." या एका वाक्यावर किती रडकी पोरं गप्प झाली याला गणतीच नाही. शिकाऊ डॉक्टरांना ती औषधांच्या आधी हे वाक्य शिकवायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं. त्या वाक्याचा तिला गर्व होता. आणि तेच वाक्य एका पोरीसमोर सपशेल तोंडावर आपटलं.

त्या पोरीला तिचा बाप फौजदार म्हणायचा. वय नऊ-दहा, अंगानं काडी, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप सरळ उभं राहावं. तिला जन्मापासून वेदना कळत नव्हत्या. आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही रक्तात काहीतरी दडून बसलेलं होतं. त्यांना स्वतःला त्यानं कधी त्रास दिला नाही, पण लेकीत मात्र ते दोन्हीकडून एकत्र आलं. कापलं, भाजलं, मोडलं, हिला पत्ताच नाही. शिवाय अंगाला घाम फुटत नाही, त्यामुळे जरा पळाली, जरा रडली की अंग तव्यासारखं तापतं. ऐकणारे म्हणायचे, दुखतच नाही? काय भाग्यवान पोर आहे! ऐकणाऱ्यांचं काय जातंय? त्यांनी तिची जीभ पाहिली नव्हती. दात आले त्या वर्षी तिनं स्वतःच्या जिभेचा शेंडा चावून टाकला होता, हसत हसत.

तेव्हापासून त्या घरात गस्त सुरू झाली. गस्त हा शब्दही बापाचाच. रोज संध्याकाळी हातात आरसा आणि छोटी बॅटरी घेऊन अंगाची तपासणी करायची. डोक्यापासून सुरुवात, मग डोळे, कानांच्या मागे, जीभ, कोपरं, बोटांच्या बेचक्या, गुडघे, आणि शेवटी तळपाय. बूट घालायचा तर आधी उलटा करून झटकायचा, कारण आत खडा असला तर तो दिवसभर पाय पोखरत राहील आणि पोरीला कळणार नाही. आधी आई गस्त घालायची. पोरीला आरसा धरता यायला लागला तशी तिनं तो आईच्या हातातून काढूनच घेतला. आई शिवणकाम करायची. लेकीच्या कपड्यांना कोपरांशी आणि गुडघ्यांशी आतून मऊ अस्तर लावून द्यायची, आणि लेक झोपली की तिच्या उशाशी पुन्हा एकदा बॅटरी घेऊन बसायची. कित्येक वर्षांत ती बाई गाढ अशी झोपलीच नव्हती.

एवढा पहारा असूनही एक गोष्ट सुटली. पोरीनं शाळेच्या कट्ट्यावरून उडी मारली, टाचेचं हाड चिरलं, आणि त्याच पायावर ती खेळत राहिली. गस्तीत पाय रोज पाहिला जात होता, पण हाड काही डोळ्यांना दिसत नाही. सूज दिसली तोवर हाडात पू झाला होता. तिला या दवाखान्यात आणलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरनं आईबापांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की कुजलेलं हाड लगेच खरवडून काढायला हवं. उशीर झाला तर पू वर चढेल, आणि मग पाऊलच काढावं लागेल.

हा हाडांचा डॉक्टर झोपमावशीपेक्षा वयानं बराच लहान, हुशार आणि भलताच घाईचा. तो तिच्या खोलीत येऊन म्हणाला, "मॅडम, या केसमध्ये तुम्हाला त्रास कशाला? हिला दुखतच नाही. चार जणांनी धरलं की अर्ध्या तासात मोकळे होऊ."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना राजा?" झोपमावशी म्हणाली. "दुखत नाही, पण हात लावलेला कळतो. कोणीतरी आपलं हाड खरवडतंय हे कळतं. भीती कळते. घाबरली की अंग तापणार, आणि हिला घाम नाही. मग तो ताप कोण उतरवणार, तुझी छिन्नी? जरा हलली तर तूच चुकीच्या जागी जाशील."

"बरं, बरं. मग द्या हलकीशी भूल."

"हलकीशी म्हणे. इतर मुलांना औषध कमी पडलं की दुखायला लागतं, नाडी पळते, मला लगेच कळतं. हिची नाडी माझ्याकडे चहाडी करणार नाही. सगळं मलाच बघत बसावं लागेल. तू तुझी हत्यारं सांभाळ."

तो हसला आणि गेला. वाद घालून उपयोग नाही हे तो केव्हाच शिकला होता. झोपमावशीनं तयारी मात्र चोख केली. थंड जेलच्या पिशव्या, अंगाचं तापमान सतत दाखवणारी वायर, अशा मुलांचं पोट हळू रिकामं होतं म्हणून जास्त वेळ उपास, टेबलावर जाड गादी. आणि ठरलेल्या सकाळी ती स्ट्रेचरपाशी वाकून, सवयीनं, त्याच जागी थांबत आणि त्याच जागी आवाज खाली आणत म्हणाली, "तुला काही कळणारसुद्धा नाही बघ."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग नको," ती म्हणाली.

"अगं, छान झोप लागेल. डोळ्यांना सुद्धा मऊ पट्टी लावतो आम्ही," बाजूची सिस्टर बिचारी समजूत घालायला गेली, आणि व्हायचं ते झालं. डोळ्यांना पट्टी म्हटल्याबरोबर पोरगी स्ट्रेचरवरून खाली, तिथून टेबलाखाली. मास्क जवळ नेला की तो फेकून द्यायची. चावत नव्हती, शिव्या देत नव्हती, फक्त म्हणत होती, "मला दुखत नाही. मी बघत बसते. तुम्ही कापा, मी बघत बसते." रडून रडून तिचं अंग असं तापलं की झोपमावशीनं हात टेकले. आज ऑपरेशन नाही. आधी हिला गार करा.

हाडांच्या डॉक्टरचं हसू त्या दिवशी मावळलं. "मॅडम, माझ्या हातात फार तर दोन-तीन दिवस आहेत," तो म्हणाला. "ती अशीच तापत राहिली तर पुढच्या वेळी मला पाऊल काढायची सही घ्यावी लागेल."

झोपमावशीनं दिवसभर सगळ्यांवर आग पाखडली. सिस्टरवर, लिफ्टवर, कॉफीच्या यंत्रावर. खरा राग होता स्वतःवर. इतक्या वर्षांचं वाक्य, एकदाही दगा न दिलेलं, आणि आज त्यानंच घात केला. का केला हे तिच्या डोक्यात येत नव्हतं. संध्याकाळी घरी निघताना ती पोरीच्या खोलीपाशी थबकली. दार अर्धवट उघडं होतं. आत पोरगी पलंगावर बसून गस्त घालत होती. आई नुसती शेजारी उभी. पोरीनं आरसा कानामागे नेला, मान वळवली, बॅटरी फिरवली, पुढे सरकली. घाई नाही, कंटाळा नाही. सलाइनची सुई टोचली होती तिथे ती बराच वेळ थांबली, पट्टीची कड उचलून खाली पाहिलं आणि ती पुन्हा नीट चिकटवली.

झोपमावशी तिथेच खिळली. कारण हे सगळं तिला ओळखीचं होतं. भूल दिलेलं पोरगं टेबलावर असतं तेव्हा ती स्वतः नेमकं हेच करते. कोपर कुठे दबलंय का, कान दुमडलाय का, पापणी उघडी राहिली का, टाचेखाली काही रुततंय का. झोपलेल्या पोराला सांगता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं ती बघते. टेबलावरचं पोर शुद्धीवर आलं की तिचं काम संपतं. या पोरीचं काम सकाळी डोळे उघडले की सुरू होतं. हिच्याजवळ पहाऱ्याला दोनच डोळे आहेत, आणि आपण हिला काय सांगितलं? तुला काही कळणार नाही, आणि वर डोळेही बंद करतो. अरे देवा, तिला वाटलं, मी हिला धीर द्यायला गेले आणि हिच्या घराचं दारच काढून नेते म्हणाले.

"मावशी, तुमच्या टाचेतून रक्त येतंय," आतून आवाज आला.

झोपमावशीनं खाली पाहिलं. नवे बूट दिवसभर चावले होते आणि मोज्यावर लाल डाग पसरला होता.

"तुम्हाला तर दुखतं ना?" पोरीनं विचारलं. "तरी कळलं नाही?"

"कामात होते गं. लक्ष नव्हतं."

"मग माझं कसं कळणार तुम्हाला?" पोरगी आरसा मांडीवर ठेवत म्हणाली. "मी झोपल्यावर?"

आईनं लाजून "अगं" म्हटलं. पण झोपमावशी आत आली, खुर्ची ओढून बसली, आणि बूट काढून ती टाच पोरीसमोर धरली. "खरंय तुझं," ती म्हणाली. "सकाळी मी चुकीचं बोलले. तुला काही कळणार नाही हे तुला आवडण्यासारखं नाहीच. आता एक सांग. तू झोपलीस तर तुझ्याऐवजी कोणीतरी बघायला हवं. ते मी करीन म्हणते. पण तुझी पद्धत मला येत नाही. शिकवशील?"

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं खांदे उडवले, ठरव तूच.

मग झोपमावशीची शिकवणी झाली, आणि काय सांगू, त्या फौजदारानं तिला घाम फोडला. बॅटरी अशी नाही, तिरपी धरायची, तिरपी धरली की फुगवटा दिसतो. बोटं नुसती पाहायची नाहीत, एकेक बाजूला करायचं. जिभेच्या खालीसुद्धा. दोन्ही पाय एकाच वेळी पाहून तुलना करायची, एकटा पाय खोटं बोलतो. शिकवून झाल्यावर परीक्षा. पोरीनं पांघरूण डोक्यावर घेऊन खुडबुड केली, वॉर्डात मिळालेला चिमुकला चिकटणारा तारा अंगावर कुठेतरी लपवला आणि म्हणाली, "शोधा."

झोपमावशीनं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि जाहीर केलं, "सगळं ठीक आहे."

"नापास," पोरगी म्हणाली, आणि करंगळीच्या बेचकीतला तारा काढून दाखवला. आई तोंडाला पदर लावून हसली. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. झोपमावशीनं बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला, "जेवून घ्या, मी परीक्षेला बसलेय." तो म्हणाला, "या वयात? कॉपी करू नकोस." दुसऱ्यांदा ती इतकी सावकाश बघत गेली की पोरीला जांभई आली. तारा कानाच्या पाळीमागे सापडला.

"काठावर पास," पोरीनं निकाल दिला. "पण दोन अटी आहेत. ऑपरेशन चालू असताना गस्त पुन्हा पुन्हा घालायची. आणि नंतर मला खरं सांगायचं. काही झालं असेल तर झालं म्हणायचं."

"कबूल."

"पट्टी तुम्हीच लावायची. डोळ्यांची."

"मीच लावीन."

दुसऱ्या दिवशी पोरगी आरसा हातात घेऊनच टेबलावर चढली. मास्क जवळ आला तेव्हा तिनं आरसा झोपमावशीच्या हातात दिला आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "घ्या. आता तुमची पाळी." झोपमावशीनं आपलं नेहमीचं वाक्य गिळलं आणि म्हणाली, "मी बघतेय." त्या दोन शब्दांवर पोरीचे डोळे मिटले. झोपमावशीनं पापण्यांवर पट्टी लावली, आणि खोटं कशाला सांगू, तिच्या कडा तिनं दोनदा दाबून पाहिल्या. हजारो पोरांना भूल दिलेली बाई, पण पहारा असा कोणी तिच्या हातात दिला नव्हता.

हाडांचा डॉक्टर कामाला लागला. छिन्नीचा आवाज, सक्शनचा आवाज, मॉनिटरची टिकटिक. पोरीचं तापमान हळूहळू वर सरकायला लागलं तशी झोपमावशीनं काखेत आणि कमरेशी कापडात गुंडाळलेल्या गार पिशव्या ठेवायला लावल्या. आकडा थांबला, मग खाली यायला लागला. दुसरी कोणी असती तर स्टुलावर टेकली असती. झोपमावशीनं हिरव्या चादरीखाली बॅटरी घातली. डोकं, कान, कोपरं, बेचक्या. थोड्या वेळानं पुन्हा. थोड्या वेळानं पुन्हा.

"मॅडम, पुन्हा?" हाडांचा डॉक्टर वर न बघता म्हणाला. "चादर हलतेय."

"गस्त आहे. तू तुझं कर."

आणि त्याच फेरीत तिला दिसलं. कमरेशी ठेवलेल्या पिशवीचं कापड सरकलं होतं आणि बर्फासारखी पिशवी थेट कातडीला चिकटली होती. कातडीवर रुपयाएवढा लाल चट्टा. मॉनिटर शांत, नाडी शांत, पोरगी शांत. कोणीही काहीही सांगणार नव्हतं. ऑपरेशन संपेपर्यंत पिशवी तशीच राहिली असती तर तिथली कातडी मेली असती. झोपमावशीनं पिशवी काढली, चट्ट्यावर आपला गरम तळवा ठेवला आणि तसाच धरून ठेवला. हळूहळू रंग परतला.

तेव्हा तिच्या मनात जे आलं ते तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं मला, म्हणून मला माहीत. ती म्हणाली, मला एकदम वाटलं की मी किती मोठं काम करते. आजवर कोणी म्हटलं नाही म्हणून मलाही वाटलं नव्हतं. आणि लगेच वाटलं, हेच काम ही एवढीशी पोर रोज करते, एकटी, शाळेत जाऊन, अभ्यास करून. मला अभिमान माझा वाटावा की तिचा, तेच कळेना.

हाडांच्या डॉक्टरनं शेवटचा टाका घातला आणि मास्क खाली ओढून हसला. "पाऊल राहिलं, मॅडम," तो म्हणाला. बाहेर आईबापांनाही त्यानंच सांगितलं. बापानं त्याचे हात धरले, फोटो झाला, आभार झाले. पण या वेळी झोपमावशी दाराआड गडप झाली नाही. ती पोरीच्या पलंगाबरोबर चालत थेट खोलीत गेली, आरसा हातात घेऊन.

पोरीनं डोळे उघडले. पायाकडे तिनं पाहिलंच नाही. बँडेजमधून बाहेर आलेली बोटं हलत होती, तिकडेही लक्ष नाही. कोरड्या आवाजात तिनं विचारलं, "काय झालं? खरं सांगा."

आई आणि बाप दोघेही झोपमावशीकडे बघायला लागले. सगळं छान झालं असं म्हणून टाकणं किती सोपं होतं.

"कमरेशी एक चट्टा आलाय," झोपमावशी म्हणाली. "गार पिशवीचं कापड सरकलं. मला पुढच्या फेरीत दिसलं. त्याच्या आधीच्या फेरीत नव्हतं. मी लगेच पिशवी काढली. आता फिकट झालाय, पण आहे."

पोरीनं आरसा मागितला. हात अजून जड होते म्हणून झोपमावशीनं तो धरला, बॅटरी तिरपी केली. पोरीनं चट्टा पाहिला. बराच वेळ, त्या तिच्या सावकाश पद्धतीनं.

"मला सापडला असता की नाही, माहीत नाही," पोरगी शेवटी म्हणाली. "कमरेशी मी पटकन बघते."

मग तिनं मान वळवली. "आई."

"काय गं बाळा?"

"तू झोप आता. मावशी बघतेय."

आजवर या पोरीनं आरसा कोणा परक्याच्या हातात दिला नव्हता, आणि आईला "झोप" म्हणणारं तर या जगात कोणीच नव्हतं. ती शेजारच्या बाकावर बसली, आडवी झाली, आणि बापानं तिच्या अंगावर चादर घालेपर्यंत तिला गाढ झोप लागली होती. पोरीनं ते पाहिलं आणि स्वतःचेही डोळे मिटले. पट्टी न लावता.

झोपमावशीची ड्यूटी केव्हाच संपली होती. तिनं चावरे बूट काढून बाजूला ठेवले, खुर्ची पलंगाजवळ ओढली, आणि आरसा मांडीवर घेऊन बसली. सिस्टरनं दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, घरी नाही जायचं?"

"हळू बोल," झोपमावशी म्हणाली. "माझी पाळी चालू आहे."